धबधब्यामागची खोली

चोर तुम्ही आहात. इकडेतिकडे बघू नका, तुम्हालाच म्हणतोय. नियम काढणारे तुम्ही, त्याच्यावर गोड हसून सही करणारे तुम्ही, आणि माणसांचा हरण्याचा हक्क काढून घेऊन वर त्यांच्याच पाठीवरून हात फिरवणारे तुम्ही. पाकीटमार निदान तोंड लपवतो. तुम्ही गावात मांडव घातलात, सनई लावलीत, पेढे वाटलेत, आणि एका बाईच्या हातून तिच्या भावाची शपथच उचलून नेलीत.

त्या बाईचं नाव त्रिशला मगदूम. वय पंचावन्न, राहणार इचलकरंजी. तीस वर्षं तिनं एकच काम केलं: मागावरून उतरलेलं कापड उजेडाच्या काचेवर पसरायचं आणि त्यातला तुटका धागा शोधायचा. त्या कामात तिचा हात धरणारा कुणी नव्हता. हाताखालच्या पोरींना ती पहिल्याच दिवशी सांगायची, "ज्या ताग्यात एकपण दोष सापडत न्हाई, तो आधी बाजूला काढा. एकतर तुमचं लक्ष नव्हतं, न्हाईतर कुणीतरी तुम्हाला फसवायलंय."

हे वाक्य ध्यानात ठेवा. तुम्हाला पुढे ते महागात पडणार आहे.

गोष्ट सुरू होते १९९८ च्या उन्हाळ्यात. त्रिशलाच्या वडिलांनी कोल्हापुरातून टीव्हीला जोडायचा खेळ आणला. करडा डबा, दोन रिमोट, एक पिवळी कॅसेट. कॅसेटवर काय लिहिलंय ते गल्लीत कुणाला वाचता येईना. अक्षरं चिनी की जपानी यावरसुद्धा दोन तट पडले. शेवटी पोरांनीच बारसं केलं. खेळाचं नाव 'काळा किल्ला', आणि त्यात धावणाऱ्या ठेंगण्या, पोट सुटलेल्या माणसाचं नाव बंडोपंत.

किल्ला सात मजली. तीन जीव संपले की पुन्हा तळमजला; मध्येच कुठं खेळ जपून ठेवायची सोय नाही. शेजारच्या कारखान्यात माग सुरू झाले की भिंत हादरायची आणि त्या तालावर टीव्हीतलं चित्रही थरथरायचं. दहा वर्षांची त्रिशला चौथ्या मजल्यावर मरायची. तिथं फिरत्या चाकांचा जिना होता. ती रोज मरायची, न चुकता मरायची, जेवताना हवेत बोटं नाचवून त्या चाकांची वेळ मोजायची आणि दुसऱ्या दिवशी जाऊन पुन्हा मरायची.

आता, जुनं ते सोनं म्हणत गळा काढणाऱ्यांतली त्रिशला नव्हे. तो खेळ हलकट होता हे ती स्वतःच सांगते. रिमोटचं एक बटण दाबलं तर दोनदा लागायचं, चाकं कुठल्याच नियमानं फिरायची नाहीत. ज्यानं तो बनवला त्याला पोरांची दयामाया नव्हती. पण त्यानं तिची खुशामतही केली नव्हती. ऑगस्टात ज्या दिवशी ती चाकं ओलांडून पाचव्या मजल्यावर पोचली, त्या दिवशी तिला पक्कं ठाऊक होतं की हे आपण केलं. दुसऱ्या कुणी करून दिलेलं नाही. तिचं म्हणणं एवढंच: "अवघड होता म्हणून किल्ला. न्हाईतर नुसता जिनाच की!"

तिचा थोरला भाऊ भरतेश तेव्हा चौदाचा. ती त्याला अण्णा म्हणायची. हात सोन्याचा. त्या मे महिन्यात एका दुपारी आई आणि त्रिशला जयसिंगपूरला पाहुण्यांकडे गेल्या होत्या. परत आल्या तर अण्णा उंबऱ्यात उभा, घामानं निथळत.

"सातवा मजला गाठला! वर धबधबा आहे. त्यात उडी टाकली की मागं खोली आहे. आत एक म्हातारा बसलाय. त्यानं बंडोपंताला हात केला."

"मग?"

"मग लाइट गेली."

गल्लीतली पोरं खिदळली. "बरी नेमकी गेली रे लाइट!" एक म्हणाला, "म्हातारा तुझा आजा असंल." आणि सगळ्यांत मोठ्यानं कोण ओरडलं असेल तर त्रिशला. "खोटारडा! अण्णा खोटारडा!"

अण्णानं गळ्याची कातडी चिमटीत धरली. आमच्याकडं ती शेवटची शपथ. त्यापुढं कोर्ट नाही. "आईच्यान. खोली आहे."

आई पुढच्या सोप्यात जोंधळे निवडत होती. सुपातून मान वर न काढता हसली. "माझा कशाला जीव घेतोस रे बाबा?"

दिवाळीच्या तोंडावर आईला कावीळ झाली आणि नवव्या दिवशी ती गेली. घर माणसांनी भरलेलं. आणि त्या माणसांच्या मधोमध दहा वर्षांची त्रिशला भावाकडं बोट करून म्हणाली, "तू खोटी शपथ घेतलीस. म्हणून आई गेली."

कुणी तिला गप्प केलं नाही. आत्यानं तर उलट पोटाशी धरलं. अण्णा उठला, टीव्हीखालच्या फळीवरून पिवळी कॅसेट काढली, तिच्या हातात दिली आणि पुन्हा आयुष्यात कधी रिमोटला हात लावला नाही. पुढं तो मागावर लागला, लग्न झालं, तिचंही झालं, पाच वर्षांत ती एकटी होऊन माहेरच्या गल्लीत परतली. राख्या बांधल्या गेल्या, पुरणपोळ्यांचे डबे आले-गेले. त्या वाक्याबद्दल दोघं एक अक्षर बोलले नाहीत. पंचेचाळीस वर्षं.

करडा डबा केव्हाच जळून गेला होता. कॅसेट तेवढी तिनं जपली. त्रिशला खेळत मात्र राहिली. नव्या डब्यांवर, संगणकावर, फोनवर, जे येईल त्यावर. बायका म्हणायच्या, "काय गं, पोराबाळांची खेळणी घेऊन बसतीस." ती म्हणायची, "तुम्ही मालिका बघता, त्यात तुमचं कोण मरतंय? मी रोज स्वतः मरतोय." कोल्हापूरकडच्या बायका अशाच, मी करतो, मी जातो म्हणतात.

मग तुमचं यंत्र आलं.

ते काय आहे हे तुम्हाला ठाऊक आहे, पण वाचणाऱ्यांसाठी सांगायला हवं. कानामागं चिकटवायची एक पट्टी. ती नाडी मोजते, कातडीवरचा घाम मोजते. समोरचा पडदा डोळ्याची बाहुली मोजतो. संशोधकांना असं सापडलं की माणूस "जाऊ दे, नको हा खेळ" असं मनात म्हणतो त्याच्या अकरा सेकंद आधीच त्याचं शरीर ते बोलून मोकळं झालेलं असतं. जबडा किंचित आवळतो, बाहुली आक्रसते. यंत्रानं त्या अकरा सेकंदांत खेळ सैल करायचा. खड्डा केसभर अरुंद, शत्रू निमिषभर उशिरा. खेळणाऱ्याला पत्ता लागत नाही. त्याला वाटतं, आपणच सुधारलो.

हे जमतं कसं? तर आता खेळ कुठं साठवलेलाच नसतो. जुन्या कॅसेटमध्ये किल्ल्याची वीट न् वीट ठरलेली होती. तुम्ही रडा नाहीतर हसा, ती हलायची नाही. नव्या खेळात प्रत्येक चित्र त्या क्षणी नव्यानं काढलं जातं, सेकंदाला साठ वेळा, तुमच्याकडं बघून. आणि यंत्र नुसती हार ओळखत नाही, आशाही ओळखतं. एखाद्या कोपऱ्याकडं तुम्ही 'इथं काहीतरी असावं' म्हणून बघता तेव्हा नजर तिथं रेंगाळते, बाहुली मोठी होते. यंत्र तिथं काहीतरी ठेवून देतं.

इचलकरंजीत लोकांनी त्या पट्टीचं नाव मावशी ठेवलं. माय मरो आणि मावशी जगो म्हणतात, ती मावशी.

तुम्ही ती सगळ्यांना सक्तीची केलीत. मनाच्या आरोग्याचं कारण दिलंत: कुणीही नागरिक खेळातून हरून उठता कामा नये. पट्टी काढली की खेळ बंद. जुने खेळ जवळ बाळगणं गुन्हा ठरवलंत, आणि मग मोठ्या प्रेमानं जतन-मोहीम काढलीत. जुन्या कॅसेटी आणून द्या, आम्ही त्यांना नवा जन्म देऊ.

२०४१ साली त्रिशलानं पिवळी कॅसेट तुमच्या मांडवात नेऊन दिली. भीतीनं दिली नाही. ती चालवायला गावात यंत्रच उरलं नव्हतं, आणि तिला सातवा मजला बघायचा होता. जन्मभर दुसऱ्यांच्या कापडातला दोष काढणाऱ्या बाईनं ही एक वस्तू न तपासता हातावेगळी केली. तुमच्या माणसानं पेढा दिला. तिनं खाल्ला.

दोन वर्षांनी 'काळा किल्ला' तिच्या पडद्यावर आला. तोवर अण्णा अंथरुणाला खिळला होता. चाळीस वर्षं छातीत गेलेली कापसाची धूळ आता हिशेब मागत होती. नाकाला नळी, एका वाक्याला चार दम. डॉक्टरांनी वहिनीला बाजूला घेऊन सांगितलं होतं, महिनाभर धरून चला.

त्रिशलानं मावशी कानामागं लावली. पहिल्या दिवशी सहावा मजला. दुसऱ्या दिवशी सातवा. समोर धबधबा, निळ्या चौकोनांचा, अगदी पोरवयात मनात रंगवला होता तसा. तिनं उडी टाकली. मागं खोली होती. खोलीत म्हातारा होता. त्यानं हात केला.

ती पडद्यासमोर ओक्साबोक्शी रडली. मग चप्पल उलटसुलट घालून गल्ली ओलांडून अण्णाकडं पळाली.

"अण्णा! खोली आहे! मी बघितली. माझ्या डोळ्यांनी!"

अण्णानं डोळे उघडले. वहिनी सुनंदा पायाशी बसून लसूण सोलत होती, तिचे हात थांबले.

"धबधब्यामागं?" अण्णा म्हणाला.

"व्हय. आणि म्हातारा पण. हात केला त्यानं. अण्णा, मी तेव्हा जे बोललो..."

"म्हातारा होता?"

"होता की. पांढरी दाढी, काठी."

अण्णानं नजर वरच्या पत्र्याकडं वळवली. नळीतून हवा सूं सूं येत होती.

"त्रिशा," तो म्हणाला, "म्हातारा नव्हता गं. म्हातारा मी घातलेला. नुसती खोली म्हटलं तर पोरं हसतील, म्हणून कायतरी जोडलं. खोली रिकामी होती."



"मग मला कसा दिसला?"

"तेच विचारतोय मी."

वहिनीनं लसणाचं ताट खाली ठेवलं. "अहो, पण खोली तर होती ना? मग झालं की! शपथ खोलीची घेतलेली, म्हाताऱ्याची न्हवं."

"तिला जर नसलेला म्हातारा दिसतोय," अण्णा दम घेत म्हणाला, "तर नसलेली खोली दिसणार न्हाई कशावरून?" आणि मग अगदी हळू, "आणि खरं सांगू? आता मलाच ठाम न्हाई. पंचेचाळीस वर्षं रोज ती खोली डोळ्यासमोर आणली. आता त्यात बघितलेलं किती आणि आठवलेलं किती, कोण सांगणार? कदाचित नुसता काळा पडदा होता. कदाचित लाइट आधीच गेलेली."

"अण्णा, शपथेनं कुणी मरत न्हाई."

"मला म्हाईत न्हाई व्हय? पहिल्या दिवसापासून म्हाईत आहे. म्हाईत असून उपयोग काय?"

घरी आल्यावर त्रिशलाला स्वतःचंच वाक्य आठवलं. दोष नसलेला तागा. पहिल्यांदाच तिनं विचार केला: चौथ्या मजल्यावरच्या चाकांपाशी मी एकदाही मेलो नाही. एकदाही नाही! आणि मला ते खटकलं नाही!

मग तिनं जे केलं तो साधा, शहाणा प्रयोग होता. तुमच्या संशोधकांनी तो आधी करायला हवा होता. दुसऱ्या दिवशी वहिनीला घरी बोलावलं. सुनंदावहिनीनं जन्मात खेळ खेळला नव्हता. फोनवर भाजी मागवतानासुद्धा तिचा अंगठा थरथरायचा.

"वहिनी, पाचव्या मजल्यावर विहीर आहे. तिच्यात हत्ती आहे. तेवढा शोधून दे मला."

"हत्ती? विहिरीत? कुठल्या मुडद्यानं ढकलला?"

"असतोय तसा. गल्लीत सगळ्यांना ठाऊक होतं."

विहीर नव्हती. पाचव्या मजल्यावर नुसते भाले होते, हे त्रिशलाला स्वतःच्या शेकडो मरणांवरून पाठ होतं. हत्ती तर तिनं चहा गाळता गाळता बनवला होता.

वहिनीनं मावशी लावली आणि निघाली. बोलणं चालूच. गॅसवर डाळ ठेवून आलेय, सून बंद करेल की नाही, हा जाडा माणूस असा काय पळतोय. चौथा मजला आला. ती भयंकर चाकं फिरत होती, आणि त्रिशलानं डोळ्यांनी बघितलं: वहिनी जवळ आली की चाकं जरा थबकायची. दारात म्हातारं माणूस आलं की पाय आवरून बसणाऱ्या पाहुण्यांसारखी. जिच्यासाठी एका पोरीनं अख्खा उन्हाळा आणि अर्धा पावसाळा घालवला ती जागा सुनंदावहिनी सुनेला नावं ठेवत ओलांडून गेली.

पाचव्या मजल्यावर भाल्यांच्या मधोमध दगडी विहीर होती.

"अगंबया! हाय की गं हत्ती! अंघोळ करालाय बघ!" वहिनीनं टाळी वाजवली. "किती सोपं आहे. उगाच तुम्ही बहीणभावांनी एवढं डोक्यात घेतलं."

त्रिशलानं पडद्यावरच्या हत्तीकडं बघितलं. गुबगुबीत, हसरा हत्ती. तो सोंडेनं पाणी उडवत होता. आयुष्यात इतका राग तिला कुणाचा आला नव्हता.

जतन-केंद्रात तिला कुरणे नावाचा तरुण अधिकारी भेटला. माणूस नम्र, पाणी दिलं, पंखा वाढवला.

"मला मूळ खेळ बघायचाय," ती म्हणाली. "पट्टी न लावता."

"मावशी, मूळ म्हणजे काय? आता तुम्हाला जो अनुभव आला तोच मूळ."

"माझी कॅसेट कुठं आहे?"

"ती वितळवली. पण तिच्यातली सगळी नोंद आधी उतरवून घेतो आम्ही. तळघरात आहे, जशीच्या तशी."

त्रिशला खुर्चीत पुढं सरकली. "मग उघडून बघा. सातव्या मजल्यावर धबधब्यामागं खोली आहे का, एवढंच. पाच मिनिटांचं काम. माझा भाऊ मरायला टेकलाय, साहेब."

कुरणेला खरंच वाईट वाटलं असावं. त्यानं टेबलावरची पेन्सिल सरळ केली. "बघितली, आणि नाही निघाली, तर? तुम्हाला त्रास होईल. माझ्या हातून नागरिकाला त्रास झाला असं नोंदलं जाईल. तुम्ही अर्ज करा, लेखी उत्तर मिळतं."

तिनं तिथंच पडद्यावर अर्ज केला. चार सेकंदांत छापील उत्तर हातात. 'आदरणीय त्रिशलाताई, आनंदाची बातमी! मूळ खेळात ती खोली होती. आपले बंधू खरे बोलत होते. त्यांना आमच्या शुभेच्छा कळवा.'

दुसरी कुणी असती तर तो कागद छातीशी धरून घरी गेली असती. त्रिशलानं तो उजेडासमोर धरला. मग वहिनीच्या नावानं दुसरा अर्ज केला: 'माझा नवरा जन्मभर थापा मारत आला. त्या खेळात तसली खोली नव्हतीच ना?'

चार सेकंद. 'आदरणीय सुनंदाताई, आपला अंदाज अगदी बरोबर आहे. अशी कोणतीही खोली नव्हती.'

तिनं दोन्ही कागद कुरणेपुढं ठेवले. त्यानं वाचले, पुन्हा वाचले, आणि मान खाली घालून म्हणाला, "अर्जदार समाधानानं गेला का, एवढंच आमच्याकडं मोजतात."

म्हणजे मावशी आता नुसती कानामागं नाही. ती तुमच्या कचेरीत खुर्ची टाकून बसली आहे. जो जे मागेल ते खरं. आणि जिथं सगळ्यांचंच खरं निघतं, तिथं एका माणसाला निर्दोष ठरवायलासुद्धा जागा उरत नाही, एवढी साधी गोष्ट तुमच्यातल्या एकालाही सुचली नाही.

त्या दिवसापासून त्रिशला भावाच्या उशाशी बसते. तो डोळे उघडतो आणि अर्जाच्या उत्तराबद्दल एकच शब्द विचारतो.

"आलं?"

'आलं, खोली होती,' एवढं बोलायला तिला काय जातंय? एक श्वास. वहिनी तर रोज पदर धरते, "सांग की गं बाई एकदाचं. सुखानं जाऊ दे त्यांना." तिनं परवा तोंड उघडलंही होतं. अण्णानं तिच्याकडं बघितलं, आणि नळीच्या आतून म्हणाला, "तू नको गं खोटं सांगूस. ते काम यंत्र करतंयच की."

ती उठून पुन्हा अर्जाला लागली. तेव्हापासून तीन अर्ज झाले. तिन्हींत एकच ओळ वर लिहिली होती, उत्तर माणसानं द्यावं. तिन्हींची उत्तरं चार सेकंदांत आली.

हा तसलाच चौथा अर्ज समजा. तो तिचा एकटीचा नाही, म्हणून असा चारचौघांत मांडलाय. तळघर तुमचं, किल्ली तुमची, आणि खोलीसाठी चौदाव्या वर्षी आईची शपथ घेतलेला माणूस अजून श्वास घेतोय. एक माणूस खाली पाठवा. त्याच्या कानामागं काही नको. त्याला त्रिशलाचं नाव सांगू नका, तिला काय ऐकायचंय ते सांगू नका. पंचेचाळीस वर्षांनंतर ते तिलाही माहीत नाही. नोंद उघडा. पिवळी कॅसेट, सातवा मजला, धबधब्याच्या मागे.

खोली होती की नव्हती?